आठ वर्षांचा मुलगा, शर्टाची बटणे आणि डिस्प्रॅक्सिया: घरी काय शिकवायचे, कसे शिकवायचे

नाशिकच्या सिडकोत राहणाऱ्या एका आईने विचारले आहे. मुलगा आठ वर्षांचा, सेमी-इंग्रजी शाळेत तिसरीत. तोंडी सगळे येते, पाढे पाठ आहेत, गोष्ट ऐकली की शब्दन् शब्द सांगतो. पण वहीतले अक्षर लागत नाही, फळ्यावरचे उतरवून होत नाही, शर्टाची बटणे नि बुटाची नाडी जमत नाही. जेवताना सांडतो, घरातल्या घरात दाराच्या चौकटीला धडकतो. शाळेतून ‘आळशी आहे, लक्ष देत नाही’ अशा चिठ्ठ्या येतात. आता बालरोगतज्ज्ञांनी ‘डिस्प्रॅक्सिया’ असा शब्द वापरला आहे. हे बरे होते का, घरी काय करायचे आणि शाळेला काय सांगायचे, असे तीन प्रश्न आहेत.

आधी शब्दाचा अर्थ लावू, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. वैद्यकीय भाषेत याला डेव्हलपमेंटल कोऑर्डिनेशन डिसऑर्डर किंवा डीसीडी म्हणतात. यात हातापायांत ताकद असते आणि बुद्धीही असते. अडते ते हालचाल जुळवण्यात: आधी काय, मग काय, जोर किती, कधी थांबायचे. इतर मुले मोठ्यांना नाडी बांधताना चार वेळा पाहतात आणि हात आपोआप शिकतो. या मुलाला नुसते पाहून येत नाही. त्याला पायरी न् पायरी शिकवावी लागते, आणि शिकलेली पायरी अंगवळणी पडायला इतरांपेक्षा पुष्कळ जास्त वेळा करावी लागते. म्हणूनच काल जमलेले आज जमत नाही. त्यात आळस किंवा हट्ट नसतो. शाळकरी वयाच्या मुलांमध्ये याचे प्रमाण ५ ते ६ टक्के धरले जाते, म्हणजे ४० मुलांच्या वर्गात साधारण दोन. मुलींपेक्षा मुलांमध्ये निदान जास्त होते.

बरे होते का, याचे सरळ उत्तर असे की याला औषध नाही आणि पुष्कळ जणांत ते मोठेपणीही राहते. पण ‘डिस्प्रॅक्सिया राहणे’ आणि ‘शर्टाची बटणे न येणे’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बटणे येतात, सायकल येते, वाचता येईल असे अक्षरही येते. प्रत्येक काम वेगळे शिकवावे लागते, इतकेच.

घरचा कार्यक्रम सुरू करण्याआधी काही शक्यता मात्र नक्की काढून टाका. आधी येत असलेली गोष्ट आता येईनाशी झाली आहे का? एकच बाजू कमजोर आहे का? जमिनीवरून उठताना स्वतःच्या मांड्यांवर हात टेकत टेकत उभा राहतो का? पोटऱ्या जाड दिसतात पण जिना चढायला त्रास होतो का? टाचा टेकत नाहीत का, झटके येतात का, पडणे महिन्यागणिक वाढते आहे का? यातले एक जरी ‘हो’ असेल तर थेरपी नंतर, आधी मुलांच्या मेंदूविकारतज्ज्ञांकडे जा. मांड्यांना धरून उठणे आणि जाड पोटऱ्या ही मुलग्यांमध्ये स्नायूंच्या आनुवंशिक आजाराची खूण असू शकते. त्यासाठी पहिली तपासणी रक्तातल्या सीपीकेची, म्हणजे स्नायूंमधल्या एका एन्झाइमची, असते. सोबत डोळे आणि कान एकदा तपासून घ्या. नंबर लागलेला असूनही चष्मा नसलेले मूल फळ्यावरचे उतरवू शकत नाही, आणि त्याला डिस्प्रॅक्सिया म्हणणे चुकीचे ठरेल.

नीट निदान व्यवसायोपचारतज्ज्ञ, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपिस्ट, आणि बालरोगतज्ज्ञ मिळून करतात. मूव्हमेंट एबीसी-२ किंवा बीओटी-२ यांसारखी प्रमाणित चाचणी घेतात. मणी ओवणे, चेंडू झेलणे, एका पायावर उभे राहणे, रेषेच्या आत रेघ ओढणे असे भाग त्यात असतात. ‘पाच मिनिटे बघितले आणि सांगितले’ असे निदान पुरेसे धरू नका. थेरपिस्टची महाराष्ट्र राज्य व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेकडे नोंदणी आहे का, हे विचारायला संकोच नको. खासगी खर्च झेपत नसेल तर त्र्यंबक रोडवरच्या जिल्हा रुग्णालयात, म्हणजे आपल्या सिव्हिलमध्ये, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाबद्दल चौकशी करा. २०१३ पासूनचा हा कार्यक्रम १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे आणि विकासातल्या अडचणी त्याच्या यादीत आहेत. एकाग्रतेची अडचण म्हणजे एडीएचडी, वाचनाची अडचण किंवा बोलण्यातली अडचण यांपैकी काहीतरी सोबत असणे फार सामान्य आहे, म्हणून तपासणी हातापायांवर थांबू देऊ नका. ओठ-जिभेची हालचाल जुळत नसल्याने शब्द दर वेळी वेगळा येत असेल, तर ते काम वाचाउपचारतज्ज्ञांचे.

आता मुख्य मुद्दा. ‘मेंदूला चालना देणारे’ व्यायाम, झोके, चेंडूंनी भरलेली पेटी, ट्रॅम्पोलिन यांवर पालकांचे फार पैसे जातात. मुलाला मजा येते, दमही वाढतो, त्यात वाईट काही नाही. पण झोक्यावर तासभर बसल्याने बटण लावता येत नाही. डीसीडीसाठी २०१९ मध्ये निघालेल्या आंतरराष्ट्रीय शिफारशींचा कलही इकडेच आहे: जे काम यायला हवे तेच काम, खऱ्या जागी, खऱ्या वस्तूंनी शिकवा. थेरपिस्टकडे गेलात तर पहिला प्रश्न हा विचारा: ‘पुढच्या दोन महिन्यांत त्याला कोणते काम स्वतः करता येईल?’ याचे नेमके उत्तर मिळायला हवे.

एका वेळी दोनच कामे घ्या, त्यातले एक मुलाने निवडलेले. आईला अक्षर हवे असते, मुलाला सायकल हवी असते. सायकल घ्या. स्वतः निवडलेल्या कामासाठी मूल पन्नास वेळा प्रयत्न करते, लादलेल्यासाठी पाच वेळा. रोज १० ते १५ मिनिटे, आठवड्यातून पाच दिवस, आणि एक काम किमान सहा ते आठ आठवडे. रविवारी दोन तास बसवले तर सोमवारपर्यंत मूलही वैतागते आणि तुम्हीही.

शिकवताना हात धरून करून देण्यापेक्षा त्याच्याकडून विचार करून घ्या. चार प्रश्न ठरलेले ठेवा: काय करायचे आहे? कसे करू या? करून बघ. जमले का, नाही तर काय बदलू? पेल्यात पाणी ओतताना सांडले तर ‘हळू ओत ना!’ म्हणू नका; ‘हळू’ म्हणजे नेमके काय, तेच त्याला उमगत नाही. ‘तांब्याची कड कुठे होती? पेल्याला टेकली होती की हवेत?’ असे विचारा. तो म्हणेल, हवेत. मग पुढच्या वेळी कड टेकवायची ही युक्ती त्याची स्वतःची होते आणि लक्षात राहते.

दुसरी पद्धत शेवटाकडून शिकवण्याची. बटणाचे उदाहरण घ्या. शर्ट अंगात न घालता टेबलावर पसरा, बटणे १५ ते २० मिलिमीटरची, काज थोडे सैल. तुम्ही बटण अर्धे काजातून बाहेर काढून ठेवा. त्याने फक्त चिमटीत धरून ओढायचे. सलग तीन दिवस पाचपैकी चार वेळा जमले की एक पायरी मागे या: बटण कडेवर उभे करून काजात ढकलणेही आता त्याचे. मग एका हाताने काज धरून ठेवणे. त्यानंतर शर्ट अंगावर, सुरुवात खालच्या बटणापासून, कारण ते दिसते. गळ्याचे बटण सर्वांत शेवटी. ते दिसत नाही आणि कोपर उंच धरावे लागते. शेवटाकडून शिकवण्याचा फायदा असा की प्रत्येक प्रयत्न ‘झाले!’ यावर संपतो. सुरुवातीपासून शिकवले तर तो प्रत्येक वेळी अडलेल्या जागी सोडतो आणि ‘मला येत नाही’ हेच पक्के होते.

सकाळच्या शाळेच्या घाईत हा सराव अजिबात करू नका. नाशिकच्या डिसेंबर-जानेवारीत गारठा, वर स्वेटर, बोटे आखडलेली, रिक्षावाले काका खाली हॉर्न वाजवताहेत. त्या वेळी बटणे तुम्ही लावा, किंवा शिवून बंद केलेल्या बटणांच्या आत वेल्क्रो लावून घ्या. सराव संध्याकाळी. स्वेटर पुढून चेनचा असेल तर चेनच्या खिट्टीला जाड दोऱ्याचा गोफ बांधा. पण चेनचे खालचे टोक खाचेत बसवणे हा तिथला खरा अवघड भाग आहे, तो वेगळा शिकवावा लागतो.

नाडीसाठी दोन रंगांच्या नाड्या घ्या, म्हणजे ‘निळी लालवरून’ असे शब्दांत सांगता येते. बूट आधी टेबलावर, टाच मुलाच्या पोटाकडे, नंतर पायात. पायात असताना पाय एका पायरीवर ठेवून बसवा. वाकून, तोल सांभाळून, बोटांनी गाठ हे तिन्ही एकदम मागू नका. शिकेपर्यंत शाळेला वेल्क्रोचे किंवा इलॅस्टिकच्या नाडीचे बूट पाठवा. ते आयते देणे नव्हे. त्याची शक्ती वाचवणे आहे.

जेवणाबद्दल जवळजवळ कोणी बोलत नाही, पण आपल्याकडे एका हाताने पोळीचा तुकडा तोडणे हे मोठे कसब आहे. अंगठा आणि तर्जनी ओढतात, बाकीची बोटे दाबून धरतात. हे न जमल्याने मूल डब्यात पोळी नेत नाही, किंवा आख्खी गुंडाळी तोंडात धरते आणि मुले हसतात. आधी दोन्ही हातांनी तोडू द्या. मग भिजवलेल्या कणकेची पातळ लाटी ताटाला चिकटवून एका हाताने तुकडे काढायचा खेळ करा. मग ताजी मऊ पोळी, चतकोर करून. डब्यात भाजी घट्ट द्या, रश्शाची नको. स्टीलच्या डब्याचे घट्ट झाकण घरी पंधरा वेळा उघडून-लावून बघितल्याशिवाय तो डबा शाळेत पाठवू नका. मधली सुट्टी झाकणाशी झगडण्यात जाते. ताटाखाली ओले फडके ठेवले तर ताट सरकत नाही, काठाचे ताट घेतले तर भात बाहेर पडत नाही. खुर्चीवर बसून पाय लोंबकळत असतील तर खाली पाट द्या. पाय अधांतरी असले की धड डुलते आणि हाताचा नेम चुकतो.

हीच बैठक लिहिताना लागते. पाय टेकलेले, गुडघे आणि कंबर साधारण काटकोनात, टेबल कोपराच्या उंचीला किंवा दोन बोटे वर. वहीखाली जाड बॉक्स फाइल तिरकी ठेवली की मनगट आपोआप नीट वळते. उजव्या हाताने लिहिणाऱ्याने वही थोडी डावीकडे तिरकी ठेवायची आणि डाव्या पंजाने धरून ठेवायची. निम्म्या मुलांची वही लिहिताना फिरत असते, हे कोणी बघितलेलेच नसते. पेन्सिल तिकोनी. पेन्सिल खूप दाबून टोक मोडत असेल तर खाली चार-पाच कागदांची चवड ठेवा आणि ‘शेवटच्या कागदावर ठसा उमटू नये’ असा खेळ करा. पकड पुस्तकातल्यासारखीच हवी हा आग्रह सोडा. हात दुखत नसेल आणि अक्षर वाचता येत असेल तर ती पकड चालते.

देवनागरीच्या स्वतःच्या अडचणी आहेत आणि इंग्रजी पुस्तकांतले उपाय त्यांना पुरत नाहीत. वर्णमालेच्या क्रमाने शिकवू नका. सारख्या वळणाची अक्षरे एकत्र घ्या. ग-म-भ-न एकत्र, व-ब-क एकत्र, ट-ठ-ढ एकत्र, ड-इ-ह-झ सगळ्यांत शेवटी, कारण त्यात वळण अधांतरी उलटे फिरते. प्रत्येक वळणाला बोलायचे शब्द ठरवा: व साठी ‘गोल पोट, मग उभी काठी’. हात विसरतो तेव्हा तोंड आठवण देते. शिरोरेषा शब्द पूर्ण झाल्यावर एकदाच, डावीकडून उजवीकडे. प्रत्येक अक्षराला वेगळी रेघ दिली की शब्द तुटतात आणि दोन शब्दांमधले अंतर कळत नाही. काना आणि वेलांट्या अक्षरासोबतच लिहू द्या, मात्रा-अनुस्वार शिरोरेषेनंतर. एकदा ठरवलेला क्रम घरी, शाळेत आणि शिकवणीत एकच असावा. तीन ठिकाणी तीन पद्धती हे अक्षर न सुधारण्याचे मला सर्वांत जास्त दिसणारे कारण आहे.

मराठीला दुरेघी वही, गणिताला चौकटीची वही, एका चौकटीत एकच अंक. चौकटीच्या वहीने हातच्याच्या निम्म्या चुका जातात, कारण एकक दशकाखाली घसरत नाही. आणि पाने भरून गिरवणे बंद करा. दहाव्या ओळीला हात थकलेला असतो आणि तो चुकीचे वळणच पक्के करत असतो. तीन ओळी, प्रत्येक ओळीत सर्वांत चांगले अक्षर त्याने स्वतः शोधून त्याला गोल करायचा, आणि थांबायचे.

सायकलचे थोडे सविस्तर सांगते, कारण इथे चूक हमखास होते. बाजूची छोटी चाके काढून टाका. त्यांवर मूल एका बाजूला रेलून बसायला शिकते, तोल शिकत नाही. दोन्ही पेडलही काढा. १५ चा पाना लागतो, आणि डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, ते घड्याळाच्या दिशेने फिरवल्यावर सुटते. नसेल जमत तर सायकलवाल्याकडून पाच मिनिटांत होते. सीट इतकी खाली की दोन्ही तळपाय पूर्ण टेकतील. पहिला आठवडा बसून नुसते चालणे. मग ढकलून दोन्ही पाय उचलणे आणि मनात तीनपर्यंत मोजणे. दहापर्यंत पाय वर राहिले, आणि नजर चाकावर नसून समोर ठेवलेल्या दप्तरावर असली, की पेडल परत लावा. अगदी मंद उताराची, बिनवर्दळीची आतली गल्ली किंवा रविवारी रिकामे असलेले शाळेचे पटांगण निवडा. ब्रेक आधी शिकवा, पेडल नंतर. मागून सीट धरून पळू नका. तुमचा हात तोल सांभाळतो आणि त्याला तो कळतच नाही.

बाकी खेळांत पोहणे, पळणे, चढणे यांसारखे एकट्याचे, तीच हालचाल पुन्हा पुन्हा येणारे खेळ निवडा. क्रिकेटच्या टीममध्ये आधी ढकलू नका. हलणारा चेंडू, पळणारी मुले आणि वेळेचा नेम हे तिन्ही एकदम येतात. पोहण्याच्या शिबिरात पंचवीस मुलांच्या बॅचऐवजी पहिला महिना दोन-तीन मुलांची बॅच मागा. पांडवलेण्याच्या पायऱ्या दम वाढवायला उत्तम, पण उतरताना तुम्ही त्याच्या एक पायरी खाली चाला. त्याला चढण्यापेक्षा उतरणे अवघड जाते. संक्रांतीला पतंग त्याच्या हातात द्यायच्या आधी दोन वर्षे आसारी, म्हणजे मांजाची फिरकी, धरू द्या. दोन्ही हातांनी टोके धरून दोरा सोडणे आणि गुंडाळणे, हा दोन हात एकत्र वापरायचा इतका चांगला सराव बाजारात विकत मिळत नाही, आणि गच्चीवर त्याला मानाचे कामही मिळते.

शाळेत भेटायला जाताना तक्रार घेऊन जाऊ नका आणि दहा मागण्याही नेऊ नका. एका पानावर चार गोष्टी लिहून न्या. फळ्यावरून उतरवण्याऐवजी मजकूर झेरॉक्स मिळावा, किंवा शेजारच्या मुलाच्या वहीचा फोटो चालावा. गृहपाठ ओळींनी न मोजता वेळेने मोजावा, वीस मिनिटे झाली की पालकांची सही. जागा पुढे आणि मध्यभागी, जाण्या-येण्याच्या वाटेवर नको. जे तोंडी सांगू शकतो ते तोंडी विचारावे. शिक्षकांना कारण सांगा: त्याचे सगळे लक्ष अक्षर काढण्यात जाते, म्हणून उत्तर माहीत असूनही लिहिताना अर्धे सुटते. बहुतेक शिक्षक हे ऐकून बदलतात. अपुऱ्या वहीसाठी मधली सुट्टी बंद करणे, वर्गासमोर वही दाखवून हसणे असे चालू राहिले, तर मुख्याध्यापकांना लेखी द्या. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक त्रासालाही मनाई केली आहे.

दिव्यांग प्रमाणपत्राचे असे आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये ‘विशिष्ट अध्ययन अक्षमता’ हा प्रकार आहे आणि त्याच्या व्याख्येत डिस्लेक्सिया, डिसग्राफिया, डिसकॅल्क्युलिया यांच्याबरोबर डिस्प्रॅक्सिया हा शब्द स्पष्ट लिहिलेला आहे. शाळेने ‘हा आजार यादीत नाही’ म्हटले तर ही ओळ दाखवा. मात्र तपासणीत बुद्ध्यांकाबरोबर वाचन, लेखन आणि गणित यांच्याच चाचण्या प्रामुख्याने होतात. म्हणून ज्याची अडचण फक्त खेळ आणि कपड्यांपुरती आहे त्याला प्रमाणपत्र मिळेलच असे नाही. तुमच्या मुलाचे लेखन अडते आहे, तर तपासणी जरूर करून घ्या. २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार आठ वर्षे पूर्ण झाल्यावर प्रमाणपत्र देता येत होते आणि पुन्हा तपासणी १४ आणि १८ व्या वर्षी होत असे; २०२४ मध्ये नव्या सूचना आल्या आहेत, म्हणून सध्याचा नियम रुग्णालयात विचारून घ्या. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर, तपासणी सरकारी रुग्णालयात. जाताना दोन वर्षांच्या वह्या, उत्तरपत्रिका, शिक्षकांचे पत्र आणि थेरपिस्टचा अहवाल न्या. स्वच्छ करून लिहिलेली वही नेऊ नका, रोजची न्या. दहावीला वाढीव वेळ किंवा लेखनिक हवा असेल तर कागद नववीतच पूर्ण हवेत, आणि लेखनिकाला उत्तर सांगायचा सराव किमान वर्षभर आधी सुरू व्हायला हवा. मनातले वाक्य दुसऱ्याला लिहायला सांगणे हेही वेगळे शिकावे लागते. टायपिंग चौथीच्या सुट्टीत सुरू करा, दिवसाला दहा मिनिटे, मराठीसाठी एकच कीबोर्ड ठरवून.

घरात आजी-आजोबा म्हणतील, ‘याचा बापही असाच होता, होईल आपोआप.’ त्यांच्याशी वाद घालू नका, एक काम त्यांच्याकडे सोपवा: संध्याकाळची दहा मिनिटांची बटणे, किंवा शेंगा सोलणे, वाटाणे सोलणे. एक अट सांगा, त्याच्या हातातून काम काढून घ्यायचे नाही. दहापर्यंत मोजायचे, मगच मदत.

मुलालाही शब्द सांगा. आठ वर्षांच्या मुलाला कळते: ‘तुझ्या हातांना नवीन गोष्ट शिकायला जास्त वेळा करावी लागते. म्हणून आपण ती तुकड्यांत शिकतो.’ हे न सांगितल्यास तो स्वतःच कारण शोधतो, आणि ते बहुधा ‘मी ढ आहे’ असे असते. शाळेच्या दिवशी सकाळी पोटात दुखणे, खेळाच्या तासाला लघवीला जाणे, वही हरवणे हे वाढले, किंवा ‘मला जगायचेच नाही’ असे काही तोंडून निघाले, तर बटणे आणि अक्षर बाजूला ठेवून त्याच आठवड्यात बालमानसोपचारतज्ज्ञांची वेळ घ्या.

या आठवड्यासाठी एवढेच करा: एक जुना मोठ्या बटणांचा शर्ट काढा, जेवणाच्या खुर्चीखाली पाट ठेवा, आणि मुलाला विचारा की दिवाळीपर्यंत त्याला काय यायला हवे. आज त्याचा लिहितानाचा एक मिनिटाचा व्हिडिओ काढून ठेवा आणि आठ आठवड्यांनी तसाच पुन्हा काढा. रोज बघणाऱ्या डोळ्यांना फरक दिसत नाही. दुसऱ्या व्हिडिओतही दिसला नाही, तर पायऱ्या फार मोठ्या घेतल्या आहेत असे समजा आणि प्रत्येकीचे दोन तुकडे करा.